इरिडियम प्लग टाकला आणि ॲव्हरेज वाढलं... खरंच?

गाडी चालवताना ऐकणं जमलं नसेल, तर या एपिसोडचा हा लिहिलेला भाग.

माझी बाइक लिटरला 58 द्यायची, ती हळूहळू 49 वर आली. सकाळी मिसिंग पण करायला लागली. गॅरेजवाला दादा म्हणाला, "इरिडियम टाक, फरक बघ." साडेपाचशे रुपये गेले. पुढच्या टाकीला ॲव्हरेज 56! मी खूश. ऑफिसात चार जणांना सांगूनही टाकलं.

नंतर बिल बघितलं. त्याच दिवशी एअर फिल्टर नवीन, टायरमध्ये हवा आणि प्लगही नवीन. म्हणजे एकाच रिलीजमध्ये तीन बदल ढकलले आणि क्रेडिट एकाला दिलं. कोडमध्ये असं कोणी केलं तर मीच ओरडतो!

म्हणून सव्वाशेचा साधा, पण नवा कोरा निकेल प्लग आणला, इरिडियम काढला, बाकी काही बदललं नाही. तोच रस्ता, तोच पंप, टाकी फुल्ल टू फुल्ल, तीन वेळा. ॲव्हरेज आलं साडेपंचावन्न. अर्ध्या किलोमीटरचा फरक तर सिग्नल जास्त लागले तरी पडतो.

असं का? फोर स्ट्रोक इंजिन 5000 आरपीएमला मिनिटाला 2500 वेळा पेट्रोल पेटवतं. प्लगचं काम फक्त काडी ओढायचं. एकदा नीट पेटलं की काडी कितीची होती याने जाळाला काही फरक पडत नाही. पण शंभरात पाच वेळा पेटलंच नाही, तर तेवढं पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून बाहेर. 56 चं सरळ 53 होतं. माझा जुना प्लग बहुतेक हेच करत होता. टोक झिजलं की गॅप वाढते, गॅप वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि कॉइल कधीतरी कमी पडते.

मग इरिडियम काय, नुसती फेकाफेक? नाही हो. निकेल साधारण 1455 अंशांना वितळतं, इरिडियम 2400 च्याही वर. म्हणून त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरएवढं बारीक ठेवता येतं, कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते आणि टोक लवकर झिजत नाही. तो टिकतो, हा त्याचा खरा फायदा. पैशांचं बघा: महिन्याला 1000 किमी, पेट्रोल 105 रुपये धरलं तर खर्च 1875 च्या आसपास. इरिडियमने 1 टक्का वाचवला असं मानलं तरी महिन्याला 19 रुपये. वरचे सव्वाचारशे वसूल व्हायला 22 महिने! अर्थात तेवढ्यात साधा प्लग एकदा तरी बदलावा लागेल, तेवढं इरिडियमच्या बाजूने धरा.

खरी गडबड होते ती चुकीचा नंबर टाकल्यावर. एनजीकेचा सीपीआर8ईए-9 घ्या. यातला 8 म्हणजे हीट रेंज, शेवटचा 9 म्हणजे 0.9 मिमी गॅप. एनजीकेत आकडा मोठा तेवढा प्लग थंड, आणि बॉशमध्ये बरोब्बर उलटं! (हे कोणी ठरवलं देव जाणे.) गरजेपेक्षा थंड प्लग टाकला तर टोक साधारण 500 अंशांपर्यंत तापतच नाही, काजळी जळून जात नाही आणि परत मिसिंग सुरू. जास्त गरम प्लग त्याहून वाईट: ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनची वाट लागते. त्यामुळे मॅन्युअलमध्ये जो नंबर आहे तोच घ्या, दुकानदार "हा पण बसतो" म्हणाला तरी. आटे जुळले म्हणजे प्लग जुळला असं नसतं.

पल्सर डीटीएस-आय वाल्यांनो, तुमच्याकडे दोन प्लग आहेत. एकच बदलून घरी येऊ नका.

आणि जुना प्लग फेकायच्या आधी बघा. टोक चहाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर आधी एअर फिल्टर तपासा. पांढरंफटक म्हणजे इंजिन जास्त तापतंय. तेलकट ओलं असेल तर मात्र प्लगवर पैसे घालू नका, ऑइल आत येतंय, ते दुखणं वेगळं आहे.

माझा इरिडियम सध्या ड्रॉवरमध्ये आहे. निकेलचे 10,000 किमी झाले की तोच परत लावणार, पैसे तर भरलेच आहेत.