पेशीची डागडुजी आणि तिची मर्यादा

डीएनए बिघडतो तो बाहेरच्या विषांमुळे, आणि प्रदूषण, एक्स-रे, फवारलेली भाजी टाळली की तो जन्मभर शाबूत राहतो, असं शिकलीसवरली माणसंही धरून चालतात. हे फार तर अर्धसत्य आहे. १९७० च्या दशकात टॉमस लिंडाल या स्वीडिश शास्त्रज्ञाने डीएनए आपोआप किती झिजतो ते मोजायला घेतलं. उत्तर धक्कादायक निघालं: पेशीतलं पाणी आणि शरीराची ऊब एवढ्या दोन गोष्टींनीच एकेका पेशीत दिवसाला सुमारे दहा हजार अक्षरं साखळीतून गळून पडतात, शिवाय सायटोसिन नावाच्या शंभरेक अक्षरांचं युरॅसिल, म्हणजे डीएनएत नको असलेलं अक्षर, होऊन बसतं. इतकी पडझड होत असेल तर जीवसृष्टी टिकायलाच नको होती. ती टिकली आहे, म्हणजे दुरुस्ती चालू असलीच पाहिजे, असा तर्क करून लिंडाल यांनी युरॅसिल हुडकून कापून काढणारं विकर शोधलं. पुढे २०१५ साली पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा बिघाड झाला की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे. तो वेळेत निस्तरला का, एवढंच विचारावं. झेरोडर्मा पिगमेंटोझम या आनुवंशिक विकारात ऊन इतरांच्याच वाट्याइतकं असतं. पण अतिनील किरणांनी एकमेकांना चिकटवलेली अक्षरं कापून काढण्याची सोय पेशीत नसते, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. अशा मुलांना शाळकरी वयातच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात.

इथे लगेच उलटा गैरसमज हजर होतो: पेशी रोज एवढं निस्तरतेच आहे, तर चिमूटभर मशेरीने किंवा दोन सिगारेटींनी काय बिघडणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यातला पहिला भाग खरा आहे. चूक आहे ती दुरुस्तीला अमर्याद मानण्यात. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स डीएनएतल्या ग्वानिन या अक्षरावर एक छोटासा मिथाइल गट चिकटवतात. तो काढायला एमजीएमटी नावाचं प्रथिन असतं, आणि त्याची रीत विलक्षण आहे: मिथाइल गट ते स्वतःच्या अंगावर घेतं आणि कायमचं निकामी होतं. काडेपेटीतल्या काडीसारखं, एका रेणूचा एकच उपयोग. साठा संपला की नवा तयार होईपर्यंत उरलेलं ग्वानिन तसंच राहतं. त्या अवधीत पेशीने विभाजनासाठी डीएनएची नक्कल काढली, तर त्या ग्वानिनसमोर सायटोसिनऐवजी थायमिन बसतं आणि पुढच्या नकलेत दोन्ही धाग्यांवर चुकीचीच जोडी जुळते. आता दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेला खटकावं असं काही उरत नाही. बिघाड भरून निघू शकतो; उत्परिवर्तन झालं की बहुधा कायमचं. नव्वदीपर्यंत विडी ओढणाऱ्या आजोबांचा दाखला यावर हमखास दिला जातो. चूक कोणत्या जनुकात पडेल हा योगायोगाचा भाग असतो आणि दुरुस्तीची ताकदही माणसागणिक कमीजास्त असते, त्यामुळे असे आजोबा असणारच. त्यांच्या वयाचे किती जण मध्येच गेले, हे त्या दाखल्यात येत नाही.

मग ‘डीएनए दुरुस्त करणाऱ्या’ गोळ्यांचं काय? बिघाड कमी झाला तर कर्करोग कमी होईल, हा विचार कागदावर निर्दोष होता आणि फिनलंडमध्ये तो २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तपासलाही गेला. १९९४ साली निष्कर्ष आला: बिघाड रोखतील म्हणून दिलेल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! गाजरातल्या बीटा-कॅरोटीनवर हा ठपका नाही. पण डबीवरच्या दाव्याला पुरावा मागायला एवढा अनुभव पुरे.

दुरुस्ती जितकी जास्त तितकं बरं, हेही सरसकट खरं नाही, कारण हीच यंत्रणा कर्कपेशीही वापरते. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीवर टेमोझोलोमाइड देतात. हे औषध ग्वानिनवर तोच मिथाइल गट चिकटवतं, फक्त इथे कर्कपेशी मारण्यासाठी तो बिघाड हवाच असतो. गाठीत एमजीएमटी भरपूर असेल तर औषधाची मेहनत पुसली जाते. एमजीएमटीचं जनुक बंद पडलेलं असेल तर रुग्णाला अधिक फायदा होतो. म्हणून गाठीच्या नमुन्यात हे जनुक बंद आहे का, ते तपासतात, आणि उतारवयातल्या अशक्त रुग्णाला औषध द्यायचं की नुसते किरणोपचार, हे ठरवताना तो अहवाल समोर ठेवतात.