गर्भिणीचा विमानप्रवास : निर्णय कसा घ्यावा?

“सातवा लागला आहे. विमानाने माहेरी गेले तर चालेल का?” हा प्रश्न आज लहान गावांतील वैद्यांनाही विचारला जातो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत टिकून आहे. मात्र सासर आणि माहेर यांतील अंतर वाढले आहे. एके काळी शेजारच्या तालुक्यातून बैलगाडीने किंवा एस. टी.ने येणारी लेक आता बंगळूर, गुरुग्राम किंवा दुबईहून येते. विचारणाऱ्या कुटुंबाला एका शब्दाचे उत्तर हवे असते आणि ते तसे देण्याचा मोह आपल्यालाही होतो. या मोहाला आम्ही एकदा बळी पडलो. त्या अनुभवापासूनच आरंभ करणे प्रामाणिकपणाचे होईल.

काही वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी करणारी एक गर्भिणी पतीसह आमच्याकडे आली. गर्भ सुमारे २८ आठवड्यांचा, एकच. तोवरची वाटचाल निर्वेध. माहेर नागपूरला. विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी वैद्यांचे मत घ्यावे, असे घरातील ज्येष्ठांनी सुचवले होते. सुश्रुताचार्यांनी गर्भिणीला यानारोहण वर्ज्य सांगितले आहे, असे म्हणून आम्ही नकार दिला. शास्त्राला धरून सल्ला दिल्याचे समाधान त्या दिवशी आम्हांस होते. मग प्रवास कसा करणार, हे मात्र आम्ही विचारले नाही.

रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही, तेव्हा ती दोघे मोटारीने निघाली. ७०० किलोमीटरहून अधिक रस्ता, जवळजवळ १४ तासांची बैठक आणि ठिकठिकाणी उखडलेला मार्ग. अर्ध्या वाटेवर ओटीपोटात कळा येऊन अल्प रक्तस्राव सुरू झाला आणि रात्री एका तालुक्याच्या गावी तिला दाखल करावे लागले. सुदैवाने गर्भ टिकला व पुढे प्रसूती सुखरूप झाली. तो रक्तस्राव प्रवासामुळेच झाला, असे खात्रीने म्हणता येत नाही; विमानाने गेली असती तरी तो झाला असता, हेही संभवते. परंतु दीड तासाच्या प्रवासाऐवजी दिवसभराचे धक्के तिच्या वाट्याला आले ते आमच्या उत्तरामुळे, याविषयी शंका नाही. तेव्हापासून या प्रश्नाचा आम्ही नव्याने विचार केला. तोच येथे मांडत आहोत.

निषेध नेमका कशाचा?

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तिसऱ्या अध्यायात गर्भिणीने टाळावयाच्या गोष्टींत यानारोहणाचा उल्लेख आहे, हे खरेच. पण त्याच यादीत रात्रिजागरण, भय, शोक, उत्कटासन आणि वेगविधारण यांचीही गणना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात गर्भोपघातकर भाव सांगताना यानांना एक विशेषण जोडले आहे : अतिशय संक्षोभ करणारी याने. अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानात, पहिल्याच अध्यायात, उपवास, अध्व म्हणजे वाटचाल, कठीण आसन, विष्टंभी भोजन आणि वेगांचा अवरोध हे सारे एकत्र येते.

तिन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले की आचार्यांचा रोख ध्यानात येतो. त्यांच्यासमोर रथ, बैलगाडी, हत्ती आणि घोडा ही वाहने होती. त्यांचा कटाक्ष वाहनाच्या नावावर नसून त्यापासून होणाऱ्या संक्षोभावर आहे. काठोकाठ तेलाने भरलेले पात्र हलू न देता न्यावे, तसे गर्भिणीला जपावे, हा चरकांचा दृष्टान्त आपण सर्व जण विद्यार्थ्यांना शिकवतो. ते पात्र न्यायचेच नाही, असे चरक म्हणत नाहीत. कसे न्यायचे, ते सांगतात. म्हणून “यान निषिद्ध आहे का?” यापेक्षा “उपलब्ध मार्गांपैकी कमीत कमी संक्षोभाचा कोणता?” हा प्रश्न अधिक शास्त्रीय ठरतो.

विमानात काय घडते?

प्रवासी विमान तीस-चाळीस हजार फुटांवरून उडत असले तरी आतील हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका राखलेला असतो. म्हणजे सिमल्याला किंवा उटीला काही तास बसावे, तशी ही स्थिती होय. रक्तातील प्राणवायू किंचित उतरतो. निरोगी मातेचे शरीर ते सहज सोसते. शिवाय गर्भाच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला मातेच्या हिमोग्लोबिनपेक्षा अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणूनच निर्वेध गर्भावस्थेत प्रसंगोपात्त विमानप्रवास सुरक्षित आहे, असे अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१८ च्या आपल्या मतपत्रात म्हटले आहे. सुरक्षा तपासणीच्या धातुशोधक कमानीत क्ष-किरण नसतात; ती भीती अनाठायी आहे.

दुसरा भाग मात्र आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. दाब कमी झाला की पोटातील वायू प्रसरण पावतो, सुमारे पाव ते एक तृतीयांश पट. आधी विष्टंभी भोजन झाले असेल तर आध्मान हमखास. केबिनमधील हवा अत्यंत कोरडी असते. मधल्या आसनावर बसलेली स्त्री शेजाऱ्याला उठवण्याच्या संकोचाने पाणी पीत नाही आणि मूत्रवेगही धरून ठेवते. परदेशी जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे रूक्षता, उपवास, वेगविधारण, एकासनी बैठक आणि रात्रिजागरण ही वातप्रकोपाची सारी सामग्री विमानात हजर असते. आचार्यांनी वर्ज्य सांगितलेले हे भाव विमानाबरोबर प्रवास करतात. पण त्यांतील बहुतेक टाळता येण्यासारखे आहेत.

महिने आणि आठवडे

घरात महिने मोजतात, विमान कंपन्या आठवडे मोजतात आणि घोटाळा येथेच होतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले असता “सातवा लागला” म्हणजे २६ आठवडे पूर्ण, “आठवा लागला” म्हणजे ३० आठवडे उलटले आणि “नववा लागला” म्हणजे जवळजवळ ३५ आठवडे. बहुतेक कंपन्या २८ ते ३२ आठवड्यांच्या पुढे डॉक्टरांचा दाखला मागतात आणि एकाच गर्भाच्या बाबतीत ३६ आठवड्यांच्या सुमारास प्रवास नाकारतात. जुळ्यांसाठी ही मर्यादा पुष्कळच अलीकडे असते. प्रत्येक कंपनीचा नियम निराळा आहे. तो तिकीट काढण्यापूर्वी विचारावा आणि परतीचा प्रवास असेल तर परतीच्या दिवशीचे आठवडेही मोजावेत.

सर्वांत सोयीचा काळ १४ ते २८ आठवड्यांचा. त्याआधी छर्दी व ग्लानी असते. गर्भ गर्भाशयातच आहे, हे सोनोग्राफीने निश्चित होण्यापूर्वी पोटात दुखत असेल किंवा रक्तस्राव असेल तर कोणत्याही वाहनाने दूर जाऊ नये. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, असे आपले ग्रंथ सांगतात. सातव्यात लेकीला माहेरी आणून आठव्यात तिला स्वस्थ बसवण्याची रीत या विचाराशी सुसंगत आहे. विमानाच्या युगातही ती सोडण्याचे कारण दिसत नाही.

कोणाला थांबवावे?

योनिगत रक्तस्राव, खाली असलेली अपरा, अकाली कळा किंवा पूर्वीची अकाल प्रसूती, वाढलेला रक्तदाब, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार, पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास, यांपैकी काहीही आढळल्यास आपण परवानगी देऊ नये. निर्णय प्रसूतितज्ज्ञांवर सोपवावा.

पांडूचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. विरळ हवेत ही उणीव अधिक जाणवते. हिमोग्लोबिन ७.५ ग्रॅमच्या खाली असल्यास विमानप्रवास टाळावा, असे ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल महाविद्यालयाच्या २०१३ च्या निबंधात म्हटले आहे. तेव्हा नाडी पाहून झाल्यावर रक्तदाब मोजावा आणि हिमोग्लोबिनचा ताजा अहवाल मागवावा. तिकिटाआधी तपासणी, हा क्रम उलटू देऊ नये.

जेथे जायचे त्या ठिकाणाचाही विचार करावा. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले, त्यांत गर्भवतीही होत्या. साथीच्या गावी जाणे, जवळ प्रसूतीची सोय नसलेल्या ठिकाणी राहणे आणि गर्भारपणाचा खर्च वगळणाऱ्या विम्यावर विसंबून परदेशी जाणे, ही जोखीम उड्डाणापेक्षा मोठी असू शकते.

प्रवासाचा दिवस

शक्य तेथे दिवसाचे, विशेषतः सकाळचे विमान घ्यावे; उन्हाळ्यातील दुपारी विमानाला हेलकावे अधिक बसतात. मार्गिकेलगतचे आसन मागावे. पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, जांघांच्या वर, कटीच्या हाडांवर बांधावा आणि बसलेले असताना तो सोडू नये. आदल्या रात्रीपासून वाटाणा, हरभरा, राजमा, कोबी आणि सोड्याची पेये वर्ज्य. मऊ भात, मुगाचे वरण, तूप, साळीच्या लाह्या असा लघु आहार असावा. बरोबर मोरावळा व आल्याचा लहानसा तुकडा ठेवावा. पाणी थोडे थोडे, वारंवार प्यावे. तासाभराने उठून चार पावले चालावे व बसल्या जागी घोटे फिरवावेत. तपासण्यांची व सोनोग्राफीची कागदपत्रे हाताशी असावीत. ती सामानाच्या पेटीत टाकू नयेत.

चार तासांहून अधिक प्रवास असेल तर पायांत मापाचे दाबमोजे घालावेत. गर्भावस्थेत रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. दीर्घ बैठकीने तीत भर पडते. येथे वैद्यबंधूंना एक कळकळीची सूचना करावीशी वाटते. प्रवासानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी गर्भिणी एका पायाची सूज, पोटरीत वेदना व उष्णता घेऊन आली तर त्या पायाला अभ्यंग करू नये, स्वेदनही करू नये. शिरेत गुठळी असल्यास चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा रुग्णेला त्याच दिवशी तपासणीसाठी पाठवावे. अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे ही तर क्षणाचाही विलंब न लावण्याची लक्षणे होत.

औषधालयाची जबाबदारी

प्रवासाला निघालेले कुटुंब शेवटी थांबते ते औषधालयाच्या काउंटरवर. तेथे उलटीवर, पित्तावर, पोट साफ होण्यासाठी “काहीतरी आयुर्वेदिक” मागितले जाते. कोणासाठी हवे, एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय औषधालयमालकांनी आपल्या माणसांना लावावी. अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर मोठ्या प्रमाणात असते. ते रेचन आहे व गर्भिणीला देण्याजोगे नाही. आसव-अरिष्टांत स्वयंजात मद्यांश असतो. गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिनची गोळी स्वतःच्या मनाने घेण्याचीही काहींना सवय असते. तीस तज्ज्ञांच्या सल्ल्याविना उत्तेजन देऊ नये. दाबमोजे विकताना घोटा व पोटरी यांचे माप घ्यावे. चुकीच्या मापाचा मोजा उपयोगाऐवजी अपाय करतो.

परदेशी नेण्यासाठी रसकल्प देताना तर अधिकच सावध असावे. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाला २०११-१२ मध्ये सहा गर्भवतींत शिशाची विषबाधा आढळली. भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधे त्यांच्या सेवनात होती. हे वाचून राग येणे स्वाभाविक आहे. पण त्या औषधांच्या बाटल्या कोणत्या तरी फळीवरूनच गेल्या होत्या. आपल्या फळीवरून तशी बाटली गर्भिणीच्या सामानात जाऊ नये, एवढे तर आपल्या हाती आहे.

दाखल्याविषयी

“एक दाखला तेवढा लिहून द्या,” ही विनंती आता नित्याची झाली आहे. अशा दाखल्यात आठवडे, संभाव्य प्रसूतीची तारीख, गर्भ एक की जुळे आणि उपद्रवांचा अभाव हे नमूद करावे लागते व तो प्रवासाच्या आधी थोड्याच दिवसांत दिलेला असावा लागतो. अनेक कंपन्या प्रसूतितज्ज्ञांचाच दाखला ग्राह्य धरतात. आमचे मत स्पष्ट आहे : जिची सोनोग्राफी आपण पाहिली नाही आणि जिची प्रसूती आपण करणार नाही, तिच्या दाखल्यावर आपली सही नसावी. त्याऐवजी आपली निरीक्षणे लिहून तिला प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे. यात कमीपणा नाही. ओळखीखातर केलेली सही ३५,००० फुटांवर कोणाच्याही कामी येत नाही.

आता असा प्रश्न कोणी विचारला की आम्ही चार गोष्टी आधी विचारतो. किती आठवडे झाले? रक्त आणि रक्तदाब किती? तेथे प्रसूतीची सोय काय? आणि विमानाने गेला नाहीत तर कशाने जाल? हा चौथा प्रश्न आम्ही त्या दिवशी विचारला नव्हता. पुण्याहून नागपूरला निघालेल्या त्या गर्भिणीचे तेलाचे भरलेले पात्र सांडले नाही, ही तिची पुण्याई. त्यात आमच्या सल्ल्याचा वाटा नव्हता. आपल्या वाचकांपैकी कोणावर पुण्याईच्या भरवशावर राहण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.