आकार नसलेला हिशेबी जीव

पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एक नवा जीव लोकांपुढे ठेवला. पिवळाधमक, लिबलिबीत, काचेआड पसरलेला. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, पोट नाही आणि मेंदूही नाही. फ्रान्समध्ये तो ‘ब्लॉब’ या नावाने ओळखला जातो. रंगाचा ओघळ असो, शाईचा डाग असो की मऊ लगदा, ज्याला धड आकार नाही अशा कशालाही इंग्रजीत ‘ब्लॉब’ म्हणतात. १९५८ साली याच नावाचा हॉलिवूडचा भयपट आला. त्यात अवकाशातून आलेला एक गोळा माणसे गिळत वाढत जातो. तुलूझ येथील संशोधक ओद्रे द्युसुतूर यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या या जिवाला त्या चित्रपटावरून नाव दिले आणि तेच रूढ झाले.

त्याचे शास्त्रीय नाव फायसॅरम पॉलिसेफॅलम. तो स्लाइम मोल्ड, म्हणजे श्लेष्मकवक या गटातला. बुरशीप्रमाणे बीजाणू तयार करतो म्हणून त्याला पूर्वी बुरशीत गणत असत, पण तो बुरशी नाही. वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. त्याचे जवळचे नाते आहे अमीबाशी. कुजणाऱ्या लाकडावर आणि पालापाचोळ्यावर राहून तो जिवाणू, बुरशी आणि त्यांचे बीजाणू खातो. साध्या डोळ्यांना दिसणारा, तळहाताहून मोठा होऊ शकणारा हा सगळा पसारा म्हणजे एकच पेशी असते. तिच्यातली केंद्रके एकाच वेळी दुभंगत राहतात, पेशी मात्र दुभंगत नाही. त्यामुळे एका पेशीत लाखो केंद्रके नांदतात.

या पेशीच्या आत नळ्यांचे जाळे असते. नळ्यांच्या भिंती ठरावीक लयीत आकुंचन-प्रसरण पावतात आणि आतला द्रव एकदा पुढे, एकदा मागे असा वाहतो. दर मिनिट-दोन मिनिटांनी प्रवाहाची दिशा उलटते. पुढे जाणारा द्रव मागे येणाऱ्यापेक्षा थोडा जास्त असला, की सबंध जीव त्या दिशेला सरकतो, तासाला साधारण एखादा सेंटिमीटर. अन्न लागले तर त्या भागातली स्पंदने जलद होतात, नकोसे रसायन लागले तर मंदावतात. ब्लॉबचा प्रत्येक निर्णय या लयीतून घडतो.

हा जीव किती हिशेबी आहे, ते जपानी शास्त्रज्ञ तोशियुकी नाकागाकी यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकातून दाखवले. त्यांनी आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या थरावर एक छोटा चक्रव्यूह तयार केला, सगळ्या वाटांमध्ये ब्लॉब पसरू दिला आणि दोन टोकांना ओट्सचे खाद्य ठेवले. बंद वाटांमधून आणि लांबच्या वळणांमधून ब्लॉबने हळूहळू अंग काढून घेतले. शेवटी दोन्ही खाद्यांना जोडणारी, सर्वांत जवळच्या वाटेने जाणारी एक जाड नळी उरली.

हे कसे घडते? ज्या नळीतून जास्त द्रव वाहतो ती रुंदावते, जिच्यातून कमी वाहतो ती आक्रसत जाऊन नाहीशी होते. माळरानावर जास्त पावले पडतात ती पायवाट ठळक होते आणि बाकीच्यांवर गवत माजते, तसेच हे आहे. नकाशा कुणीच काढत नाही. वाहण्यातूनच वाट ठरते.

दहा वर्षांनी नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून अवघड कोडे घातले. टोकियोच्या जागी ब्लॉब ठेवला आणि आसपासच्या ३६ शहरांच्या जागी ओट्स. ब्लॉब उजेड टाळतो, म्हणून डोंगर आणि पाणी दाखवण्यासाठी तेवढ्या भागावर प्रकाश पाडला. साधारण एका दिवसात त्याने जे जाळे विणले, ते खर्च, वेग आणि एखादा दुवा तुटला तरी निभावून नेण्याची क्षमता या तिन्ही निकषांवर टोकियो परिसरातल्या प्रत्यक्ष रेल्वेजाळ्याच्या तोडीचे निघाले. तो शोधनिबंध जानेवारी २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

हा जीव शिकतोही. कॅफीन आणि क्विनाइन हे कडू पदार्थ त्याला नकोसे असतात. द्युसुतूर यांच्या गटाने अन्नाच्या वाटेवर हे पदार्थ मिसळलेला पूल ठेवला. सुरुवातीला ब्लॉब घुटमळत, अंग चोरून पलीकडे गेला. काही दिवसांनी, हा कडूपणा अपाय करत नाही हे अनुभवाला आल्यावर, तो पूल नेहमीच्या वेगाने ओलांडू लागला. दोन दिवस ते पदार्थ समोर नसले, की त्याची जुनी नावड परत येई. ‘सरावलेला’ ब्लॉब ‘न सरावलेल्या’शी काही तास एकजीव होऊ दिला, तर दुसराही सरावलेल्यासारखा वागू लागला. हे सारे संशोधन २०१६ मधले. पुढे २०२१ मध्ये जर्मनीतल्या मिर्ना क्रामार आणि कारेन आलिम यांनी दाखवले, की अन्न कुठे सापडले याची खूण नळ्यांच्या जाडीत टिकून राहते. म्हणजे ब्लॉबच्या शरीराची रचना हीच त्याची आठवण.

या जिवाच्या रीतीचा उपयोग आता खगोलशास्त्रातही झाला आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील संशोधकांनी ब्लॉबच्या वागण्यावर बेतलेला संगणकीय नियम सुमारे ३७ हजार दीर्घिकांच्या स्थानांना लावला आणि त्यांना जोडणाऱ्या विरळ वायूच्या धाग्यांचा त्रिमितीय नकाशा मिळवला. २०२१ मध्ये अंतराळवीर तोमा पेस्के यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ब्लॉब वाढवले आणि त्याच वेळी फ्रान्समधली हजारो शाळकरी मुले तोच प्रयोग वर्गात करत होती.

याला बुद्धी म्हणावे का, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. ब्लॉब माणसासारखा विचार करतो असे मानायला आधार नाही. पण माहिती गोळा करणे, पर्याय तोलणे, अनुभव जपणे ही कामे मेंदूशिवायही होऊ शकतात, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. ठरलेला आकार नसणे ही त्याची उणीव नाही. आकार मोकळा असल्यामुळेच त्याला परिस्थितीप्रमाणे स्वतःला पुन्हा पुन्हा घडवता येते.

श्लेष्मकवके आपल्याकडेही आहेत. त्यांच्या भारतातल्या जातींवरचा कवकशास्त्रज्ञ के. एस. थिंड यांचा ग्रंथ १९७७ साली प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात सह्याद्रीच्या जंगलात ओल्या ओंडक्यांवर आणि पानांच्या थरांत पिवळी, पांढरी, केशरी श्लेष्मकवके दिसतात. कोरड्या दिवसांत ती कडक खपलीच्या किंवा बीजाणूंच्या रूपाने तग धरतात. त्यांचे घर म्हणजे कुजणारे लाकूड आणि पाचोळा. आपण मात्र त्याला कचरा समजून उचलतो किंवा जाळून टाकतो. बागेच्या एखाद्या कोपऱ्यात पडलेले लाकूड तसेच राहू द्या, पाचोळ्याला काडी लावू नका आणि पावसात मुलांना भिंग घेऊन तिथे न्या.