क्षारयुक्त पाणी आणि गिझरची निगा

वर्धेचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. मात्र डिसेंबर-जानेवारीतील पहाटही तितकीच बोचरी असते. पूर्वी अशा वेळी न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटत असे. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, एवढीच त्याची रचना. बंब गळू लागला तर ते डोळ्यांना दिसे. आज त्याची जागा गिझरने आणि गच्चीवरील सौर संयंत्राने घेतली आहे. सोय वाढली, पण बिघाड आवरणाआड दडला. म्हणूनच तो वेळीच ओळखणे आवश्यक ठरते.

मूळ दुखणे क्षारांचे

वर्धा जिल्ह्याचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. त्यामुळे धाम नदीच्या पाण्याच्या तुलनेत बोअरचे पाणी अनेकदा अधिक जड असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतला जातो. पाणी तापले की हे क्षार चुन्याच्या रूपाने बाहेर पडतात आणि तापणाऱ्या कॉइलवर त्यांचा थर बसतो. पाणी जितके अधिक तापवावे, तितका हा थर वेगाने वाढतो.

घरच्या घरी तपासणी

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते. २ किलोवॅटच्या गिझरला या कामासाठी साधारण २१ मिनिटे पुरतात. पाणी अधिक थंड असल्यास त्यात दोन-चार मिनिटांची भर पडेल. परंतु याच कामास ३५-४० मिनिटे लागू लागली, तर कॉइल किंवा थर्मोस्टॅट सदोष असण्याची शक्यता असते. टाकीतून तडतड वा खदखद ऐकू येणे हे तळाशी क्षार साचल्याचे लक्षण होय. थंड नळाला जोर असूनही गरम पाण्याची धार बारीक झाली असेल, तर नळी किंवा जोडणी चोंदली आहे असे समजावे. तांबूस पाणी टाकीच्या आतील गंजाची सूचना देते.

टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. जड पाण्याच्या भागात ही कांडी दरवर्षी तपासून घ्यावी. क्षार काढण्यासाठी लिंबूसत्वाचे द्रावण पुरेसे ठरते. न्हाणीघराच्या फरशीसाठीचे तीव्र आम्ल मात्र टाकीत कदापि घालू नये. त्याने धातू झिजतो, आणि ब्लिचिंग पावडरशी संपर्क आल्यास विषारी क्लोरिन वायू तयार होतो.

थेंब गळतात, म्हणून बूच लावू नका!

पाणी तापताना गिझरखालच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडू लागले की अनेक जण अस्वस्थ होतात. वस्तुतः २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापताना १५ लिटर पाणी सुमारे पेलाभर प्रसरण पावते. ते परत मागे जाऊ शकत नसेल, तर सुरक्षा व्हॉल्व्ह त्याला वाट करून देतो. थेंब थांबविण्यासाठी तेथे बूच ठोकणे म्हणजे अपघातास आमंत्रण देणे होय. थर्मोस्टॅटही बिघडला, तर वाढलेल्या दाबाने टाकी फुटू शकते. गिझर बंद असतानाही पाणी सतत वाहत असेल, तरच व्हॉल्व्ह सदोष मानावा व बदलून घ्यावा.

नळाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर मुख्य बटण बंद करून वीजतंत्री येईपर्यंत गिझर वापरू नये. योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच ही चैन नसून गरज आहे. पाणीपुरवठा खंडित झाल्यानंतर आधी गरम नळातून धार येऊ द्यावी, मगच बटण दाबावे. कोरडी कॉइल काही क्षणांतच जळते.

किती तापवावे?

वीज वाचविण्यासाठी तापमान फारच खाली ठेवणेही योग्य नव्हे. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका अधिवेशनानंतर पसरलेल्या न्यूमोनियातून लिजिओनेला जिवाणूचा शोध लागला. कोमट, साचलेल्या पाण्यात तो वाढतो. ६० अंशांना तग धरत नाही. मात्र ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. म्हणून बादलीत आधी थंड पाणी घेऊन मग गरम मिसळावे. घरात लहान मुले वा वृद्ध असल्यास ही सवय अनिवार्य समजावी.

गॅस गिझर आणि सौर संयंत्र

गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसविणे जिवावर बेतू शकते. अपुऱ्या हवेत ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निळ्याऐवजी पिवळी ज्योत हा धोक्याचा इशारा आहे. डोके जड होणे, मळमळ वा ग्लानी जाणवल्यास तत्काळ बाहेर यावे. असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच असावा.

सौर संयंत्राच्या काचनळीच्या टोकाशी चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला, तर नळीतील निर्वात पोकळी संपली असे जाणावे. तापलेल्या रिकाम्या नळीत भर दुपारी थंड पाणी सोडू नये, ती तडकते. संयंत्र भरणे वा धुणे पहाटेच उरकावे. उन्हाळ्यात पाणी उकळीपर्यंत जाऊ शकते, म्हणून टाकीवरील वाफेची नळी सदैव मोकळी ठेवावी.

दिवाळीपूर्वी घराची साफसफाई होते, त्याच सुमारास गिझरचीही तपासणी करून घ्यावी. टाकी रिकामी करून गाळ काढणे, कांडी व व्हॉल्व्ह पाहणे आणि अर्थिंग तपासणे ही कामे जाणकाराकडून एका भेटीत होतात. त्याचा खर्च नव्या कॉइलपेक्षा, आणि अपघातापेक्षा तर निश्चितच, कमी असतो.