मेजावरची मिरी

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना स्थिरचित्र ठाऊक असतं. समोर किटली, दोन वांगी, मागे सोडलेलं कापड. दिसतं तसं काढायचं. सतराव्या शतकात हॉलंडच्या चित्रकारांनी हा प्रकार फार उंचीला नेला. मात्र त्यांच्या मेजावरची वस्तू सहसा नुसती वस्तू नसे.

पीटर क्लास या चित्रकाराचं १६२७ सालचं एक चित्र अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात टर्की पक्ष्याच्या मांसाचा सजवलेला पदार्थ आहे, शिंपल्याचा पेला आहे, लिंबू आहे आणि पंचांगाच्या फाडलेल्या पानाच्या पुडीत मिरी आहे. आपल्याला मिरीचं काय कौतुक? पण तिथं ती समुद्रापार जाऊन पोचे. त्यासाठीच १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला तिची वखार होती. मिरी मेजावर ठेवणं म्हणजे ऐपत दाखवणं.

याच क्लासचं १६३०चं दुसरं चित्र हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. तिथं कवटी, घड्याळ, आडवा पडलेला पेला आणि जुनी पुस्तकं आहेत. वेळ सरते, पेला रिता होतो, विद्याही मरण टाळत नाही, असा त्याचा अर्थ. अशा चित्रांना 'व्हॅनिटास' म्हणतात. नामदेवांच्या नरसीचा हा आपला जिल्हा. इथल्या कीर्तन ऐकणाऱ्याला हे नव्यानं सांगायला नको. उर्दूत यासाठी 'फानी' हा नेमका शब्द आहे. गंमत अशी, की वैभव नाशवंत आहे हे सांगणारं चित्रही पैसेवाला विकत घेई आणि दिवाणखान्यात मिरवी.

मला या चित्रांत एक उणीव जाणवते. जायफळाच्या मक्तेदारीसाठी याच कंपनीनं १६२१ मध्ये बांदा बेटांवरची वस्ती जवळजवळ संपवली. मेजावरच्या श्रीमंतीत त्याची खूण दिसत नाही. कवटी धन्याला त्याच्या मरणाची आठवण देते, पिकवणाऱ्याच्या मरणाची नाही.

वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात. त्यामागे काढणी असते, उकडणं असतं, उन्हातलं वाळवणं असतं. उद्या आपल्याकडच्या कुणा मुलानं स्थिरचित्रात हळकुंडं मांडली, तर शेजारी काढणीची कुदळही ठेवावी. चित्र पाहणाऱ्याला मग कष्टाचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.