माथेरानचा पायी बाजार

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या नेरळच्या भावाने वस्तू मिळेल अशी अपेक्षा ठेवून माथेरानच्या बाजारात आलेला पर्यटक पहिल्याच दुकानात कुरकुरतो. त्याने सकाळी दस्तुरी नाक्यावर थोडा वेळ थांबायला हवे होते. मोटार तिथेच संपते. खालून आलेले टेम्पो तिथेच रिकामे होतात आणि पुढचे सुमारे अडीच किलोमीटर जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी अंगावरून जाते. भाजीच्या गोण्या, दुधाचे कॅन, सिलिंडर, बांधकामाची वाळू, लग्नाच्या खुर्च्या, सगळे घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा हमालाच्या डोक्यावर चढते. कांद्याच्या भावात ही चढण मिसळलेली असते, आणि मला तरी ती गैरवाजवी वाटत नाही.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली चौक गावाच्या बाजूने, वन ट्री हिलच्या ओहोळातून हा डोंगर चढले, तेव्हापासून गोऱ्या साहेबांचे आणि पुढे मुंबईच्या धनिकांचे बंगले इथे उभे राहिले. बंगल्यांना किराणा हवा, भाजी हवी, चांभार हवा, धोबी हवा. बाजार त्या गरजेतून वाढला. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाची छोटी रेल्वे आली. दोन फुटी रुळांवरून ती नेरळपासून सुमारे २१ किलोमीटर वळणे घेत वर येते आणि गाडीतून उतरलेला माणूस जवळजवळ बाजारातच उतरतो. पुढच्या काळात गावाने मोटारीला शिरू दिले नाही, ते आजतागायत. रुग्णवाहिकेसारखे अपवाद आहेत, आणि अलीकडे ई-रिक्षांचा, तेवढेच. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाला आणि बंदीला कायद्याचे बळ मिळाले.

या बंदीचा परिणाम दुकानांच्या मांडणीवर दिसतो. हॉर्न नाही, पार्किंग नाही, म्हणून रस्ता हेच दुकानाचे अंगण. गिऱ्हाईक रस्त्याच्या मधोमध थांबून चपलेचा अंगठा चाचपून बघते, मागून घोडा आला की तेवढ्यापुरते बाजूला होते आणि पुन्हा भाव करायला येते. इथे घासाघीस सावकाश होते, कारण घाई करून कुठे जायचे? सहसा सगळेजण सकाळी पॉइंट बघायला पांगतात आणि संध्याकाळी एकदम बाजारात कोसळतात. शहाण्याने उलटे करावे. भर दुपारी, दुकानदार जेवून पानाचा विडा लावत बसलेला असताना जावे. तेव्हा तो गप्पाही मारतो आणि भावही सोडतो.

विकायला असते ते बहुधा हलके आणि टिकाऊ, कारण घेतलेले ओझे आपल्यालाच उचलायचे आहे. चामड्याच्या चपला आणि बूट, हातात धरायच्या काठ्या, उन्हाच्या टोप्या, मध, चणे आणि अर्थात चिक्की. चपला आधी घ्याव्यात. लाल मातीच्या धुळीत शहरी बूट अर्ध्या दिवसात मातीच्या रंगाचे होतात आणि मग त्यांची लाज वाटत नाही.

चिक्कीचे मात्र शास्त्र आहे. गुळाचा पाक किती वेळ आटवायचा, हे कारागीर घड्याळावर ठरवत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो. तो मऊ गोळा झाला तर पाक कच्चा. भांड्याच्या कडेवर आपटून टण् वाजला आणि तुटला की भाजलेले शेंगदाणे घालायचे, तूप लावलेल्या ओट्यावर ओतायचे, लाटायचे आणि गरम असतानाच सुरीने रेघा ओढायच्या. थंड झाल्यावर रेघ ओढायला गेले तर कपचे उडतात. पाक जरा कमी पडला की चिक्की दातांना चिकटते. जास्त झाला की कडवट लागते. पण खरा शत्रू हवा आहे. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या माथ्यावर पावसाळ्यात धुके दुकानात शिरते आणि उघडी चिक्की तासाभरात सादळते. म्हणून पावसात घेणाऱ्याने बरणीतून काढून दिलेली सुटी चिक्की घेऊ नये, बंद पुडा मागावा. दुसरा शत्रू माकड. पारदर्शक पिशवीत चिक्की घेऊन रस्त्याने जाणे म्हणजे त्याला आमंत्रण पत्रिका देणे आहे. जाड कापडी पिशवी न्यावी.

उन्हाळ्याच्या शेवटी आणखी एक बाजार भरतो, पाटीचा. आसपासच्या वाड्यांतल्या ठाकर आणि कातकरी बाया जांभळे, करवंदे पानाच्या द्रोणात घेऊन कडेला बसतात. त्यांच्याकडे घासाघीस करणाऱ्यांविषयी मला फारसा आदर नाही. त्या खालच्या वाडीतून चढून आलेल्या असतात, आणि त्यांचा माल संध्याकाळपर्यंत खपला नाही तर उद्या काळवंडतो.

बाजाराची गणिते आता हलत आहेत. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. माणसाने माणूस ओढणाऱ्या हातरिक्षा बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिला. तो योग्यच आहे. छातीचा भाता फुगवत चढण चढणाऱ्या माणसाला पाहून ज्याला आपल्या सुट्टीची लाज वाटली नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. घोडेवाल्यांचा धंदा, हमालांची मजुरी आणि दुकानातला भाव यांचे मात्र नाते गुंतलेले आहे. प्रवासी बॅटरीवर बसून बाजारात आला आणि कांदा तसाच डोक्यावरून येत राहिला, तर हमाल आज जी मजुरी मागतो त्यापेक्षा जास्त मागेल, आणि त्याने ती मागावीच.