पार्थिव गावी नेताना: कोणता कागद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो?



एरवी आपण पेपर कसा वाचायचा, प्रयोगाची वही कशी ठेवायची, अशा गोष्टी बोलतो. आजचा विषय जड आहे. पण शिकायला, नोकरीला, उपचाराला माणसं घरापासून लांब जातात, त्यामुळे ही वेळ कधीतरी आपल्यापैकी कुणावरही येते. तेव्हा आधी वाचलेलं बरं.

माझ्या लॅबमधल्या एका मित्राचे वडील उपचारासाठी आसामहून पुण्याला आले होते. एके पहाटे ते रुग्णालयातच वारले. आई गुवाहाटीला. मित्र एकच वाक्य म्हणत होता, "बाबांना घरी न्यायचंय." आम्ही चौघं पीएचडी करणारे, पण आता नक्की काय करायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं. मी मोबाईल काढला आणि विमानाच्या वेळा शोधायला लागलो. ती माझी पहिली चूक. तिकीट सगळ्यात शेवटी येतं.

थोड्या वेळाने कार्गो एजंटने फोनवर कागदांची यादी सांगितली. मी ती किराणा मालाच्या यादीसारखी लिहून घेतली. ही दुसरी चूक. प्रत्येक कागदामागे एक प्रश्न असतो. तो कळला की कागदांचा क्रमही कळतो, आणि क्रम चुकला तर तास वाया जातात.

प्रश्न १: मृत्यू कशाने झाला?

रुग्णालयात मृत्यू झाला तर डॉक्टर 'नमुना ४' मध्ये मृत्यूचं कारण प्रमाणित करतात. घरी झाला असेल तर उपचार करणारे डॉक्टर 'नमुना ४ अ' भरतात. महापालिकेचा मृत्यू दाखला हा वेगळा कागद आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ नुसार नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, आणि त्यासाठी २१ दिवसांची मुदत असते. म्हणजे अंत्यविधी गुवाहाटीला झाला तरी नोंद पुण्याचीच. बहुतेक वेळा हा दाखला हातात येण्याआधीच निघावं लागतं, म्हणून रुग्णालयाने दिलेल्या कागदांच्या चार-पाच झेरॉक्स लगेच काढून ठेवा.

प्रश्न २: मृत्यूबद्दल काही संशय आहे का?

हा प्रश्न पोलिसांचा. त्यांचं ना-हरकत पत्र लागतं, कारण पार्थिव दुसऱ्या राज्यात गेलं आणि दहन झालं की पुन्हा तपासायला काहीच उरत नाही. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पंचनामा आणि गरजेप्रमाणे शवविच्छेदन होतं. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती.

इथे क्रम फार महत्त्वाचा. पोलिसांचं काम आधी, एम्बामिंग नंतर. एम्बामिंगच्या रसायनांमुळे विषाच्या तपासणीत गडबड होऊ शकते. नमुना फिक्स केल्यावर "आता ताज्या पेशी हव्या होत्या" असं म्हणून उपयोग नसतो, तसंच हे.

प्रश्न ३: शरीर प्रवासात टिकेल का?

हृदय थांबलं की पेशींना ऑक्सिजन मिळत नाही आणि एटीपी संपतं. पेशींची पटलं फुटायला लागतात, आतली एन्झाइम्स बाहेर येऊन पेशीलाच पचवू लागतात. याला ऑटोलिसिस म्हणतात. सोबत आतड्यातले जिवाणू कामाला लागतात, वायू तयार होतात.

थंडावा हे सगळं मंदावतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की एन्झाइमचा वेग निम्मा ते एक-तृतीयांश होतो. ३० अंशांवरून ४ अंशांवर आणलं तर हिशेबाने वेग सहा ते सतरा पट कमी. हा हिशेब परीक्षानळीचा आहे, बरं का. शरीराचा गाभा गार व्हायला बरेच तास लागतात. म्हणून शवागारात लवकर हलवणं महत्त्वाचं.

पुण्याहून नागपूर, म्हणजे साधारण ७०० किलोमीटर. तेवढ्यासाठी फ्रीझर असलेली शववाहिका पुरते. गुवाहाटी अडीच हजार किलोमीटरच्या पुढे. तिथे विमानच हवं, आणि विमानात फ्रीझर नाही. साधा बर्फ वितळून गळतो, कोरडा बर्फ विमान वाहतुकीत धोकादायक मालात मोजला जातो. म्हणून एम्बामिंग. गळ्यातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून फॉर्मल्डिहाइड असलेलं द्रावण सोडतात. ते प्रथिनांमध्ये आडवे बंध तयार करतं, त्यामुळे एन्झाइम्सही थांबतात आणि जिवाणूही मरतात. हे काम अनेकदा वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात होतं आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं. शवविच्छेदन झालं असेल तर रक्तवाहिन्या कापलेल्या असतात, मग वेळ जास्त लागतो.

एम्बामिंग नेहमीच करता येतं असंही नाही. मार्च २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविडने मृत्यू झालेल्यांचं एम्बामिंग करू नये अशी सूचना दिली होती. जिथे हा मार्ग बंद असतो किंवा खर्च झेपत नाही, तिथे इथेच दहन करून अस्थी घरी नेणं हाही एक पर्याय असतो.

प्रश्न ४: पेटी गळणार नाही ना?

विमान उंचावर असताना आतला दाब साधारण ८,००० फुटांवरच्या हवेइतका असतो, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश. वायू तेवढेच प्रसरण पावतात. म्हणून पेटी हवाबंद हवी, आणि ती नीट बंद केल्याचं वेगळं प्रमाणपत्र हवं.

प्रश्न ५: हे कोण आहेत, आणि कोण घेऊन चाललंय?

पार्थिव कार्गो म्हणून जातं, सोबतच्या नातेवाइकाचं तिकीट वेगळं. दोघांची ओळखपत्रं लागतात, आणि तिकडे ताब्यात कोण घेणार त्याचं नाव आणि फोन.

इथेच आम्ही अडकलो. एम्बामिंगच्या अर्जावर मी काकांचं नाव मित्र सांगतो तसं लिहिलं होतं. आधारवर मधलं नाव होतं आणि स्पेलिंगही वेगळं. काउंटरवरच्या माणसाने सगळे कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, ही दोन माणसं आहेत." दुरुस्ती करून परत येईपर्यंत संध्याकाळचं विमान गेलं. काका आणखी एक रात्र शवागारात राहिले आणि तिकडे काकू रात्रभर जाग्या. रोज ट्यूबवर लेबल लावणाऱ्या माणसाची ही चूक होती. मित्र मला एका शब्दानेही बोलला नाही.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. पार्थिव आधी शवागारात. मग रुग्णालयाचा कागद, पोलीस, एम्बामिंग, पेटी, आणि मगच विमान. पहिल्या अर्जाआधी आधार कार्ड समोर घ्या आणि प्रत्येक कागदावर नाव अक्षर न् अक्षर तसंच उतरवा. नातेवाइकाला हे करायला लावू नका. ते काम मित्राचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुवाहाटीहून फोन आला. काकूंना त्यांचा चेहरा बघता आला होता.

तुम्हाला असा काही अनुभव असेल तर जरूर लिहा. यादीत भर घालू.